कासवाची ओळ

नळाला पाण्याआधी हवा येऊ लागली की मी वही काढते. चैत्र संपता संपता हे सुरू होतं. सकाळी तोटी उघडावी तर आतून कुणी घसा खाकरल्यासारखा आवाज येतो, मग दोन-चार थेंब, पुन्हा हवा, आणि मग कुठे पाणी. खाकरणं किती वेळ चाललं यावरून उन्हाळा किती पुढे गेलाय ते मला कळतं. वैशाखात एके दिवशी पेपरात येतं, उद्यापासून नळ एक दिवसाआड. मग घराघरांतून टुल्लू पंप घुरघुरू लागतात, गच्चीवरच्या काळ्या टाक्यांची झाकणं दिवसातून तीनदा उघडून पाहिली जातात, आणि उज्जैनची एरवी बोलकी माणसं एकमेकांशी जरा कमी बोलतात.

वही साधीच आहे, शाळेतली. मी शाळेच्या ऑफिसात काम करते आणि टाइमटेबल मीच बनवते. एखादे सर रजेवर असले तर त्यांचा तास कुणाला द्यायचा हेही मीच ठरवते. त्याला आमच्याकडे अरेंजमेंट म्हणतात. वर्ग रिकामा राहता कामा नये, एवढाच त्याचा नियम. वीस वर्षांत माझ्या हातून एकही वर्ग रिकामा राहिला नाही, याचा मला अभिमान होता. घरातही माझ्या याद्या असतात. माझा नवरा म्हणतो, "तू देवाला नमस्कार करूनसुद्धा टिक करत असशील." मी करत नाही. पण चतुर्थीच्या यादीत 'आरती' अशी ओळ असते, हे खरं.

परवा 'विहीर' असं वर लिहून नवं पान उघडलं. खिडकीबाहेर कडुनिंबाचा फुलोरा गळत होता. त्याचा तो कडवट-गोड वास, तापलेल्या सिमेंटचा वास आणि कुणाच्या तरी कूलरमधल्या ओल्या गवताचा वास, असे तिन्ही एकदम आले की मला तो उन्हाळा आठवतो. त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून या पानावरची पहिली ओळ मी एकच लिहिते.

आमची कॉलनी देवास रोडच्या बाजूला. इथे आधी गहू आणि सोयाबीन होतं. शेत विकलं गेलं, प्लॉट पडले, पण विहीर राहिली, कारण ती बगीच्यासाठी सोडलेल्या तुकड्यात आली. तिथे बगीचा कधी झाला नाही. एक कडुनिंब, सिमेंटची दोन बाकं आणि ही दगडी, गोल विहीर. आत उतरायला भिंतीतून बाहेर आलेले दगड आहेत, त्यांच्या सांध्यांतून पिंपळाची रोपं डोकावतात.

विहिरीला लागून आप्पा राजूरकरांचं घर. आप्पा रेल्वेत गार्ड होते आणि कॉलनीत सगळ्यांत आधी घर त्यांनीच बांधलं. शेत विकणारा पटेल जाताना त्यांना सांगून गेला होता, "बाबूजी, कुएँ में कछुआ है. उसको मत छेड़ना, पानी वही साफ रखता है." आप्पांनी ते नोकरीतल्या चार्जसारखं घेतलं. रोज दुपारी जेवण झालं की ते कणकेच्या चार गोळ्या घेऊन येत, काठावर तळहात दोनदा आपटत, आणि खालच्या हिरव्या पाण्यात सुपारीएवढं डोकं वर येई. ते त्याला ओव्हरसियर म्हणत. "ओव्हरसियर साहेब आज ड्यूटीवर लेट आले," असं ते जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत. जाणारे-येणारे हं म्हणून पुढे जात. ते डोकं मी आयुष्यात दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा मी घाईत होते.

पुढे पाणी दिसेनासंच झालं. निर्माल्य पायाखाली येऊ नये, ते पाण्यात सोडावं, ही शिकवण आमच्या मराठी घरांत जशी, तशीच शेजारच्या तिवारींच्या घरात. पण रोज क्षिप्रेवर कोण जाणार? विहीर दोन गल्ल्या सोडून. शाळेत जाताना स्कूटी न थांबवताही पिशवी टाकता येई. सगळ्यांनी भक्तिभावानंच टाकलं. फुलं, सुपाऱ्या, चुनरी, नारळ, फुटक्या काचेच्या तसबिरी. सहा-सात वर्षांत विहिरीवर एक साय धरली, आणि उन्हाळ्यात तिचा वास बाकांपर्यंत येऊ लागला. माळव्यात बाळंतीण विहिरीची पूजा करते, त्याला जलवा म्हणतात. आमच्या कॉलनीतल्या सुना हातपंपाला कुंकू लावून घरी येत. हातपंपही दोन वर्षं कोरडाच होता.

त्या वैशाखात कॉलनीच्या समितीची मीटिंग झाली. अध्यक्ष तिवारीजी. मच्छर, बदबू, मुलांना धोका, असं सगळं सांगून ते म्हणाले, पावसाआधी मलबा टाकून विहीर बुजवू, वर झुले लावू. कुणाची काही हरकत नव्हती. मग आप्पा उभे राहिले. रागात ते हिंदी विसरत.

"त्यात कोणी राहतं," ते म्हणाले.

"क्या बोले अप्पाजी?" तिवारीजींनी मला विचारलं.

"कह रहे हैं, उसमें कोई रहता है."

सगळे हसले. मीही थोडी हसले असेन. पण पाण्याची विहीर बुजवायची आणि टँकरसाठी भांडायचं, हे मला हिशेबात बसेना. मी म्हटलं, पावसापर्यंत मुदत द्या. आम्ही ती साफ करतो. पाणी वापरण्याजोगं निघालं तर बुजवायची नाही.

"भाभीजी, आप लिस्ट बना लो, हम मान लेंगे," तिवारीजी म्हणाले. तो टोमणा होता. मी काम समजून घरी आले आणि यादी केली.

चांगली यादी होती, आजही म्हणते. प्रत्येक ओळीत काम, नाव, दिवस. टावर चौकातून दोर आणि घमेली आणणं कुणाकडे, मोटर कुणाची, दुपारी ताक कुणाच्या घरून. कचरा वेगळा करायला कोण बसेल, हातमोजे किती. सातवी ओळ अशी होती: 'गाळ काढण्याआधी कासव बाहेर काढून हौदात ठेवणे. आप्पा.' आप्पांनी त्यासाठी अंगणातला हौद धुऊन भरला होता, वर ओलं गोणपाट टाकून सावली केली होती. त्यांच्यासाठी ती यादी एका ओळीचीच होती.

खरं सांगायचं तर फाल्गुनापासून ते डोकं कुणाला दिसलं नव्हतं. आप्पा म्हणत, "उन्हाळ्यात तो गाळात जाऊन बसतो. दर वर्षीच बसतो." मला वाटे, एवढ्या घाणीत ते केव्हाच गेलं असेल. मी तसं बोलले नाही. म्हातारा माणूस, त्याचं मन राखायला हवं, म्हणून ती ओळ लिहिली. मन राखायला लिहिलेली ओळ आणि करायला लिहिलेली ओळ वहीत सारख्याच दिसतात.

सफाई सुरू व्हायची आणि इंदूरहून आप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख यायची, असं एकदमच झालं. तिथे राहणाऱ्या मुलाबरोबर ते देवास गेटच्या बसस्टँडवर निघाले, तेव्हा ऑटो थांबवून माझ्या दारात उतरले.

"माधुरी, चार दिवसांत येतो. पाणी उपसा, वरचं काढा. गाळाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार आप्पा. लिहून ठेवलंय."

"लिहिलंयस ना? मग झालं," म्हणाले आणि ऑटोत बसले. माझ्या वहीवर त्यांचा केवढा विश्वास होता.

ते तीन दिवस मला आजही लख्ख आठवतात. सकाळी सहाला भेरूलाल आणि त्याची दोन माणसं दोर लावून उतरत. भेरूलाल विहिरी उपसणारा, जवळच्याच गावचा. त्याच्या वडिलांनी ही विहीर बांधताना दगड वाहिले होते म्हणे. वर आम्ही बायका कचरा निवडायला बसत असू. घमेल्यामागून घमेलं येई आणि कॉलनीची सगळी देवघरं आमच्या पुढ्यात ओतली जात. कुजलेल्या चुनरीची जर तशीच चमकत होती. कुणाच्या लग्नाची मुंडावळी निघाली. तिवारीणबाईंना त्यांच्या सासूबाईंची जपमाळ सापडली, ती त्यांनी पदरात बांधली. आणि एक प्लास्टिकची पिशवी निघाली, गाठ अजून घट्ट, आणि तिच्यावर पक्क्या शाईत माझ्या अक्षरात लिहिलेलं: 'निर्माल्य. चतुर्थी.' मी सगळ्यावर लेबलं लावते.

"भाभी, ये तो पता लिखकर डाली थी आपने," तिवारीणबाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. आम्ही सगळ्याच हसलो. मग पुष्कळ वेळ नुसत्या घमेल्यांचाच आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला मोटर हवा ओढू लागली. पाणी संपलं होतं. खाली काळा, चकचकीत गाळ दिसत होता. भेरूलाल वर आला, पागोट्यानं तोंड पुसत म्हणाला, "भाभीजी, काल से गाम में ब्याव है. आज गार काड़ी लां तो काड़ी लां, नी तो आठ दन पछे." उद्यापासून त्याच्या गावात लग्न होतं; गाळ आज काढला तर काढला, नाही तर आठ दिवसांनी. गाळ न्यायला शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येऊन उभा होता. कडुनिंबाखाली तिवारीजी खुर्ची टाकून बसले होते, नुसते बघत होते. आकाशात पश्चिमेला पांढरे ढग होते. आठ दिवस थांबलो तर वळवाचा एक पाऊस, आणि सगळं पुन्हा चिखल. आप्पा उद्या किंवा परवा येणार होते.

मी वही उघडली. सातव्या ओळीपुढे बाण काढला आणि ती पुढच्या पानावर नेली.

नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. शाळेत सर रजेवर असले तर त्यांचा वर्ग मी दुसऱ्याला देते, पुढच्या आठवड्यावर ढकलत नाही. आप्पा रजेवर होते. त्यांचा तास मला भेरूलालला देता आला असता. "ज़रा देखना भैया, कछुआ है." पाच शब्द. मी म्हटले नाहीत, कारण खाली कासव आहे असं मला वाटतच नव्हतं, आणि भेरूलालपुढे, तिवारीजींपुढे, मला आप्पांसारखं दिसायचं नव्हतं.

गाळाच्या चार खेपा गेल्या. प्रत्येक खेपेची वेळ मी लिहिली. संध्याकाळी विहिरीचा तळ उघडा झाला आणि पूर्वेच्या बाजूनं, दोन दगडांमधून, पाणी झिरपायला लागलं. आम्ही सगळे काठावर ओणवे झालो. इतक्या वर्षांच्या घाणीखाली तो झरा चालूच होता. तिवारीजी स्वतः उठून घरी गेले आणि नारळ घेऊन आले. या वेळी नारळ विहिरीत टाकला नाही, काठावर फोडला, खोबरं वाटलं. भेरूलाल म्हणाला, "अबे देखजो, काच जैसो पाणी आवेगो." मी ओळींवर टिक करत होते आणि फार सुखात होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते.

आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. घरात न शिरता विहिरीपाशी गेले. पाणी गुडघाभर आलं होतं आणि तळाचे दगड दिसत होते. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मला वाटलं, खूश झाले. मग ते त्यांच्या अंगणातल्या हौदाकडे गेले, गोणपाट उचललं, परत टाकलं.

"गाळ कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"शेत माहीत आहे?"

"आप्पा, डॉक्टरांनी उन्हात, धुळीत जायचं नाही सांगितलं असेल."

"डॉक्टरला ओव्हरसियर माहीत नाही," ते म्हणाले आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले.

शेत लांब नव्हतं. काळी जमीन, तळहात जाईल अशा भेगा, कुठे झाड नाही. बांधापलीकडे एक नाला होता, त्याच्या कडेला थोडी हिरवळ. गाळाचे चार ढीग ओळीनं पडले होते, वरून सुकून त्यांना कवच आलं होतं. आप्पा पहिल्या ढिगाशी बसले आणि हातानं उकरू लागले. मी दुसऱ्याकडून सुरुवात केली. उकरावं लागलं नाही. तिसऱ्या ढिगाच्या पलीकडे, चार-पाच हातांवर, ते होतं. ढिगातून स्वतः बाहेर आलं होतं. भुसभुशीत मातीवर त्याच्या मागे एक रेघ होती, सरळ, नाल्याच्या दिशेनं. पाय आत ओढलेले होते. पाठ इतकी तापली होती की मी हात लावला आणि काढून घेतला.

न सांगता परत फिरता आलं असतं. आप्पांना नीट दिसत नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला, म्हणून लिहिते आहे.

"आप्पा, इकडे या," मी म्हटलं.

ते आले. बसले. पाठीवर तळहात ठेवला आणि मी काढून घेतला तसा त्यांनी काढून घेतला नाही.

"ही खेप किती वाजताची?"

वही माझ्या पर्समध्ये होती. "पावणेचार."

"म्हणजे तेव्हा होता," ते म्हणाले. "गाडीत बसून आला."

माझ्या वहीत त्या खेपेची वेळ होती, ड्रायव्हरचं नाव होतं, घमेली किती ते होतं. उरलेलं आप्पांच्या चेहऱ्यावर होतं, ते वाचायला मी मान वर केली नाही.

कडुनिंबाखाली, विहिरीला लागून त्याला पुरलं. फावडं तिवारीजी घेऊन आले. मीटिंगमध्ये सगळ्यांत मोठ्यानं हसले होते तेच. "अप्पाजी, कहाँ खोदूँ?" त्यांनी विचारलं, आणि सत्तरीच्या माणसानं कुणाला हात लावू न देता खड्डा खणला. आप्पांनी खिशातून कणकेच्या गोळ्या काढल्या. सकाळी इंदूरहून निघतानाच त्यांनी सुनेकडून करून घेतल्या असणार.

आठवड्यानं आप्पा माझ्याकडे आले. चहा घेतला. मग म्हणाले, "यादी दाखव." मला वाटलं होतं ते काही बोलतील, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं. ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले, नव्या डोळ्यानं, मुलं वाचतात तसे. "दोर चांगले आणलेस," म्हणाले. "ताकाची सोय छान केलीस." सातव्या ओळीशी बोट थांबलं.

"हा बाण कशाला?"

"पुढच्या पानावर नेली होती."

"पुढच्या पानावर काही नाहीये, बेटा. इथे लिही, केलं नाही."

मी लिहिलं. 'केलं नाही.' माझ्या सगळ्या वह्यांत मिळून हे दोन शब्द त्याआधी कुठे नव्हते.

विहीर बुजवली गेली नाही. पावसाळ्यात गच्च्यांचे पाइप तिच्याकडे वळवले, आधी आठ घरांचे, मग सगळ्यांचे. निर्माल्यासाठी विटांचं कुंड बांधलं. त्यातलं खत आता कडुनिंबाशेजारच्या जास्वंदींना जातं, आणि तीच फुलं पुन्हा देवघरांत. मागच्या कार्तिकात तिवारीजींच्या सुनेचा जलवा याच विहिरीवर झाला. तिनं पाण्यात डोकावून कुंकू वाहिलं तेव्हा खाली तिचाच चेहरा हलत होता. नळ एक दिवसाआड झाले तरी आता कुणी टँकरमागे धावत नाही. बाहेरून लोक बघायला येतात, काही फोटो काढतात, आणि मला विचारतात, कसं केलंत? मी यादी दाखवते. सातवी ओळ ते वाचत नाहीत, अक्षर बारीक आहे.

मध्ये एकानं विचारलं, नदीतून एखादं कासव आणून सोडू का? आप्पा म्हणाले, "नको. नदीचं नदीत राहू दे. आपल्याला दिलेलं आपण सांभाळलं नाही."

यंदाच्या पानावरची पहिली ओळ ही: 'पहिला दिवस. काही करायचं नाही. बसायचं आणि बघायचं.' नाव आप्पांचंच असे. भेरूलालला आता ठाऊक आहे, तो पहिल्या दिवशी येतच नाही. नवे भाडेकरू विचारतात, एक दिवस फुकट का घालवता? मी सांगते, आमच्याकडे रीत आहे. तीन वर्षांत रीत होते.

यंदा आप्पांचे गुडघे धरले. ओसरीपर्यंतच येतात. काल दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि स्टीलची डबी हातात दिली. आत चार गोळ्या होत्या. "यंदा माझा तास तू घे," म्हणाले.

मी काठावर बसले. तळहात दोनदा आपटला. पाण्यावर कडुनिंबाची फुलं पसरली होती, ती जराशी हलली. मी घड्याळ पाहिलं असावं, कारण ओसरीवरून आवाज आला, "माधुरी, घाई नको." मग मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. हळूहळू दिसायला लागलं. दगडाच्या फटीत एक बेडूक, मग त्याच्याशेजारी दुसरा, पहिल्यापासूनच तिथे होता. बोटाएवढे मासे, कुठून आले कोण जाणे. भिंतीतल्या पिंपळाच्या रोपावर एक खंड्या येऊन बसला, गेला, पुन्हा आला. झऱ्याच्या जागी पाण्यावर एक बारीक सुरकुती, सतत. गोळ्या माशांनी खाल्ल्या. खालून दुसरं कोणी वर आलं नाही.

ऊन कलल्यावर भेरूलालचा फोन आला. "भाभीजी, काल सबेरे मोटर लइ आऊँ?" थांब, उद्याचं विचारून सांगते म्हटलं, आणि ओसरीवर गेले. आप्पांना वही वाचून दाखवली. बेडूक दोन, मासे पुष्कळ, खंड्या एक.

"नीट बघितलंस?"

"बघितलं आप्पा."

"भिंतीच्या कपारीत? पूर्वेच्या बाजूला, खालच्या दगडाच्या मागे?"

मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि उजेड होता तोवर पुन्हा विहिरीकडे गेले.